तुर्कस्तानला निघालो, पण विहिरीचं काय?

तुर्कस्तानहून आल्यापासून मंगरुळपीरात मला कुणी सुखानं चहा पिऊ देत नाही. जो भेटतो तो विचारतो, तिकडे बर्फ पडतो का, तिकडचे लोक जेवतात काय, आणि तुम्ही आणलंत काय. अरे बाबांनो, तुर्कस्तानात मी राहिलो पंधरा दिवस. तिथे जायच्या तयारीसाठी आसेगाव, कारंजा, वाशीम, जऊळका असा हिंडलो महिनाभर, आणि तोही चैत्र-वैशाखात. खरा प्रवास म्हणाल तर तो. बोटीत मला एकदाही चक्कर आली नाही, कारंज्याच्या मोटारअड्ड्यावर दोनदा आली. म्हणून ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सगळं एकदाच लिहून टाकतो. यानंतर मला कृपा करून विचारू नका.

आसेगाव

मी शेतकी खात्यातला असिस्टंट. गेल्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका प्रदर्शनात तालुक्यातला चांगला माल नेण्याचा हुकूम आला, तेव्हा मी आसेगावच्या पुंजाजी माळ्याची खरबुजं नेली आणि खरबुजांबरोबर पुंजाजीलाही नेलं. तिथे तुर्कस्तानचे काही पाहुणे आले होते. त्यातल्या एका जाड मिशीवाल्यानं एक अख्खं खरबूज उभ्याउभ्या संपवलं, टायवर रस सांडला तरी थांबला नाही. काही महिन्यांनी त्याचं पत्र आलं, की आमच्याकडे खरबूज पिकायच्या दिवसांत या शेतकऱ्याला पाठवा, राहण्याजेवण्याचं आम्ही बघतो. खात्यानं मंजुरी दिली. पुंजाजीला इंग्रजी येत नाही म्हणून सोबत एक माणूस हवा, तो मी. आमच्या घराण्यात अकोल्याच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मला तर रात्रभर झोप आली नाही.

आता खरबूज कधी पिकतं? वैशाखात. हे काय शेतकी असिस्टंटानं कुणाला विचारायचं? मी उलट टपाली कळवून टाकलं, की वैशाखात येतो. वरच्या साहेबांनी सही केली, बोटीची तिकिटं निघाली. मग ही आनंदाची बातमी घेऊन मी सायकलीवर आसेगावला गेलो.

पुंजाजी विहिरीवर होता. पन्नाशी उलटलेला, काटकूळ माणूस, डोक्याला पागोटं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "येतो नं सायेब. काहून नाई येनार? पन हिरीचं काय?"

या एका वाक्यानं माझा महिना खाल्ला.

पुंजाजी आणि त्याचा धाकटा भाऊ किसना यांची अकरा वर्षांपूर्वी वाटणी झाली. बांधावरचा एक आंबा कुणाचा, यावरून तेव्हा जे बोलणं तुटलं ते तुटलंच. आंबा पुढे वाळून गेला, अबोला हिरवागार राहिला. मळ्याचे दोन भाग झाले, पण विहीर एकच. आणि बैलजोडीतला एकेक बैल एकेकाला आला, ढवळ्या पुंजाजीला, पाखऱ्या किसनाला. मोट ओढायला लागतात दोन बैल. त्यामुळे हे दोघे भाऊ अकरा वर्षं रोज पहाटे एकमेकांचे बैल शेजारी जुंपतात, एक जण बैलांच्या उतरत्या वाटेवर, म्हणजे धावेवर, मोट हाकतो, दुसरा वाफ्यात उभा राहून पाणी फिरवतो. एक दिवस याच्या मळ्याला, एक दिवस त्याच्या मळ्याला. आणि बोलायचं झालं तर बैलाशी बोलतात.

मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं ऊन लागलं असावं.

"पाखऱ्या," पुंजाजी मोटेच्या दोराकडे बोट दाखवून भावाच्या बैलाला म्हणाला, "सोंद तुटाले आली बाप्पा. तुह्या मालकाले दिसत नाई काय?"

"ढवळ्या," किसना धावेवरून म्हणाला, "तुह्या मालकाले सांग, कालच नवी आनली. खोपीत पाह्य म्हना."

दोघांच्या बायका मात्र दिवसभर एकाच लिंबाखाली बसून मिरच्या निवडतात आणि खदाखदा हसतात. पुंजाजीच्या बायकोला, अंजनाबाईला, मी विचारलं, तुम्हाला या प्रकाराचं काही वाटत नाही का? ती म्हणाली, "सुरवातीले वाटे. आता बैलाईले सवय झाली."

पण प्रश्न खरोखरच अवघड होता. दोन पावसाळ्यांपूर्वी दोघांनी आपापल्या भागात संत्र्याची दीडदीडशे कलमं लावली होती. गुडघ्याच्या वर आली होती, पानं तुकतुकीत. वैशाखात पाण्याच्या चार पाळ्या चुकल्या की कलम जातं, आणि कलम गेलं म्हणजे पुढची पाच-सहा वर्षं जातात. पुंजाजीचं जे काही होतं ते त्या दीडशे कलमांत होतं. तो दीड महिना बाहेर राहिला तर वाफ्यात अंजनाबाई उभी राहील, पण मोट कोण हाकणार? बाहेरच्या माणसाला पाखऱ्या हात लावू देत नाही. म्हणजे किसना.

"मग त्याला सांगा," मी म्हणालो.

"मी कसा सांगू?"

"बैलाला सांगा!"

"एवढी मोठी गोष्ट बैलाले सांगाची असते काय सायेब?" पुंजाजी माझ्याकडे असा बघत राहिला, जसा मीच वेडा.

मग मी मध्यस्थ झालो. आठ दिवसांत चार फेऱ्या मारल्या, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा, कानाला दुपट्टा, आणि बसवत नाही इतकी तापलेली सायकलीची सीट. तीन वेळा किसनानं मला गूळपाणी दिलं, सावलीत बसवलं, सगळं ऐकलं आणि "पाह्यतो" म्हणाला. चौथ्या वेळी मी चिडलो. म्हटलं, किसनाजी, हो की नाही ते सांगा, माझं डोकं फिरायची वेळ आली आहे.

किसना उठला, ढवळ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि भावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ढवळ्या, जाय म्हना त्याले. झाडं वाळनार नाईत."

पुंजाजी वाफ्यात वाकला होता, तो वाकलेलाच राहिला. मी घाम पुसला. मला वाटलं, झालं एकदाचं.

कारंजा

कुठलं झालं! पासपोर्टासाठी फोटो हवा होता. आसेगावात कॅमेरा कुणी पाहिलेला नाही, म्हणून कारंज्याला. कापसाचा हंगाम संपलेला, बाजार ओस, जिनांची दारं बंद. गाड्यांचा अड्डा एवढा मोकळा मी कधीच पाहिला नव्हता. जैन मंदिराच्या सावलीत कुत्री जीभ काढून पडलेली, आणि आम्ही दोघे फोटोवाल्याचं दुकान शोधतोय.

फोटोवाला म्हणाला, पागोटं काढा. पुंजाजी म्हणाला, "बाप मेला तवा काढलं होतं. आता कोन मेलं?" अर्धा तास हुज्जत झाली. शेवटी मी फोटोवाल्यालाच गप्प केलं आणि पागोट्यासकट फोटो काढवला. आठ दिवसांनी पासपोर्टाच्या कचेरीतून फोटो परत आला. का? कान दिसत नाहीत. ऊन लागू नये म्हणून पुंजाजीनं पागोट्याखालून कानाला दुपट्टा बांधला होता आणि तो सोडायचं आम्हा तिघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. पुन्हा कारंजा, पुन्हा तेच दुकान. मोटारअड्ड्यावर मला दोनदा चक्कर आली ती याच वेळी. पुंजाजीनं खिशातला कांदा फोडून माझ्या नाकाशी धरला आणि म्हणाला, "सायेब, तुमाले उनाची सवय नाई. तिकडे तुमचं कसं होईन?"

त्याला माझी काळजी! बोललो असतो तर वाईट बोललो असतो.

वाशीम

वाशीमला दोन कामं होती, टोचून घेणं आणि वयाचा दाखला. टोचण्याचं सोपं, पण पुंजाजीचा हात सुजला, ताप आला, आणि दोन दिवस त्याला वाफ्यात उभं राहवेना. त्या दोन दिवसांत मोटेवर किसना आणि वाफ्यात अंजनाबाई असं काम आपोआप चाललं. मी म्हटलं, बघा, जमतंय की. पुंजाजी खाटेवरून म्हणाला, "दोन दिस जमते हो."

वयाच्या दाखल्यासाठी गावातला एक म्हातारा साक्षीला नेला. कचेरीतल्या कारकुनानं सभ्यपणे विचारलं, हा जन्मला ते साल कोणतं? म्हातारा बराच विचार करून म्हणाला, "मी चवथी बैलजोडी हाकत होतो, तवा हा झाला."

"बैलजोडी किती वर्षं टिकते बाबा?"

"बैलावर हाये नं मालक. तिसऱ्या जोडीतला एक लवकर मेला."

कारकून कागदावर हिशेब करत बसला. पंखा नाही, खिडकीला वाळ्याचा पडदा, त्याच्यावर पाणी मारणारा माणूस जेवायला गेलेला. शेवटी त्रेपन्न वर्षं ठरली. बाहेर आल्यावर पुंजाजी मला म्हणाला, "मले तं पंचेचाळीस वाटत होते." आणि गावापर्यंत उदास राहिला. माझ्या नशिबी हेही होतं.

जऊळका

विलायत म्हणजे थंडी, असं आमच्याकडे प्रत्येकाला पाळण्यापासून ठाऊक असतं. तुर्कस्तान विलायतेच्या अलीकडे आहे, तिथेही ऊन असतं, हे मी सांगून थकलो. कुणीतरी पलटणीतून आणलेला जाड कोट पुंजाजीला दिला, माझ्या बायकोनं मला लोकरीचा गळपट्टा विणला, आणि अंजनाबाईनं दोन्ही मतांना मान देऊन कोटाच्या खिशांत कांदे भरले.

आम्हाला जऊळक्याच्या स्टेशनावर सोडायला बंडी घेऊन आला किसना. येणारच, बैल दोन लागतात ना! पहाटे निघालो, उन्हं चढली तरी रस्ता सरेना. अख्ख्या वाटेत दोघे भाऊ एक शब्द बोलले नाहीत. मीच वेड्यासारखा दोघांशी आळीपाळीनं बोलत होतो. गाडीची घंटा झाली तसा पुंजाजी खाली उतरला, पाखऱ्याच्या कपाळावर हात फिरवला.

"येतो बाप्पा. झाडं तुह्या भरोशावर."

किसनानं जू सारखं केलं. जू सारखंच होतं.

अदना

बोट आणि मग आगगाडी यांबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की पुंजाजीनं बसऱ्यापर्यंत आपल्या भाकरी पुरवल्या आणि त्यापुढे खजूर खाऊन राहिला. अदना शहराच्या स्टेशनावर तो जाड मिशीवाला, नेजाती बे, म्हणजे आपल्याकडचे नेजातीराव, आम्हाला घ्यायला आला होता. त्यानं पुंजाजीला मिठी मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले. पुंजाजी लाजून लाल झाला. नेजाती बेनं कपाळावरचा घाम पुसत माफी मागितली, की आमच्याकडे ऊन फार आहे. पुंजाजीनं मला विचारलं काय म्हणतो, मी सांगितलं. तो आकाशाकडे बघून म्हणाला, "हे? हे तं माघातलं ऊन हाये."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेतावर गेलो. लांबच लांब सपाट रान, काळी माती, आपल्या पूर्णाकाठची आठवण व्हावी असं. इंजिन लावून पाणी उपसत होते, मोट कुठे नाही. आणि वेल होते. नुसते वेल. हातभर लांब, त्यांना पिवळी फुलं. खरबूज एक नाही.

नेजाती बे म्हणाला, "तुम्ही इतक्या लवकर का आलात? आम्हाला नवलच वाटलं. आमचं खरबूज अजून दोन महिन्यांनी."

दोन महिन्यांनी म्हणजे आषाढ-श्रावण. एक ओळ लिहून विचारायचं होतं, की तुमच्याकडे कोणत्या महिन्यात पिकतं. एक ओळ! शेतकीची पदवी घेतलेला माणूस मी. आपल्याकडे पिकतं तेव्हाच जगभर पिकत असणार, असं मला वाटलं, नव्हे, वाटायचीही गरज पडली नाही.

पुंजाजीला सांगावंच लागलं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं एक फूल हातात धरून बघितलं आणि म्हणाला, "आषाढात आपली हिर काठोकाठ असते. नाई का सायेब?"

"मला काय माहीत असणार!" मी त्याच्यावर खेकसलो. सगळं मलाच माहीत असायला हवं होतं म्हणूनच खेकसलो.

त्यापुढचे दिवस बरे गेले असं म्हणायला हरकत नाही. ते लोक ताक पितात, अगदी आपल्यासारखं मीठ घालून, पुंजाजी त्यावर खूश. गव्हाची भरड शिजवून खातात, तीही त्याला चालली. मांस खात नाही म्हटल्यावर नेजाती बेच्या आईनं हळहळून रोज वांग्याचे नवे नवे प्रकार केले. वांगं ते लोक विस्तवावर भाजतात, थेट आपलं भरीत, पण वर दही ओततात. पुंजाजीनं तिला आमच्या मिरचीचं बी दिलं. ती जेवताना त्याच्या पाठीवर थापट्या मारी. आपल्याकडे कुणाच्या आईनं पाहुण्याला असं थोपटलं तर गाव गोळा होईल.

पण रोज दुपारी जेवून झालं की पुंजाजी मला विचारी, "आज पाळी कोनाची?" मी बोटं मोजून सांगे, तुमची. किंवा किसनाची. मग तो भिंतीकडे तोंड करून पडे. दहाव्या दिवशी त्यानं जेवण टाकलं.

"हिर तळाले गेली असन सायेब. जेठात ती दोघाईले पुरत नाई. मी असतो तं खाली उतरून गाळ काढला असता."

"मग तार करू," मी म्हणालो. "काय लिहू?"

"झाडं कशी हायेत ते पुसा."

"किसनाच्या नावे?"

त्यानं मान हलवून नाही म्हटलं. मी डोकं धरलं. "पुंजाजी, इथे पाखऱ्या नाही!"

"मंग पाखऱ्याच्या नावानं करा," तो म्हणाला.

मी केली. परमुलखात, तारऑफिसच्या खिडकीशी उभं राहून, सरकारी नोकरीतल्या माणसानं एका बैलाच्या नावे तार केली. आसेगावात पाखऱ्या कोण हे टपालवाल्याला ठाऊक होतं, म्हणून ती पोचली. चौथ्या दिवशी माझ्या नावावर उत्तर आलं. ते द्यायला किसना मंगरुळपीरपर्यंत पायी गेला होता, हे मागाहून कळलं.

मी वाचून दाखवलं. तुझी झाडं हिरवी आहेत. घोर नको. पाखऱ्या.

पुंजाजीनं तो कागद माझ्याकडून घेतला. त्याला वाचता येत नाही, तरी बराच वेळ त्याकडे बघत बसला. त्या संध्याकाळी त्यानं नेजाती बेच्या आईकडून तीनदा वांगं मागून घेतलं.

परत आसेगाव

मृगाला अजून चार दिवस होते तेव्हा आम्ही पोचलो. जऊळक्यापासून आधी मोटार, मग पायी. गावात न शिरता पुंजाजी सरळ मळ्याकडे वळला, पळतच म्हणा ना. माझी ट्रंक डोक्यावर, मागून मी धापा टाकत.

त्याची कलमं उभी होती. दीडशेच्या दीडशे. नवी पालवी सुद्धा फुटली होती. पुंजाजीनं एकेका झाडाचं पान हातात घेतलं, आणि तसाच चालत चालत पाटापर्यंत गेला आणि थांबला.

पाटापलीकडे किसनाचा भाग. तिथे दीडशे काटक्या होत्या.

किसना धावेवर मोट हाकत होता. आम्हाला बघून त्यानं बैल थांबवले नाहीत. मोटेत अर्धंच पाणी येत होतं, तेही गढूळ. पुंजाजीनं पाट ओलांडला, एका कलमाची फांदी धरली. ती कट्कन मोडली. तो विहिरीपाशी गेला, आत वाकून बघितलं, आणि मग धावेच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला. मला वाटलं आता पाखऱ्याला काहीतरी म्हणेल.

"किसना," तो म्हणाला.

बैल आपले आपण थांबले.

"अबे तुह्या झाडाईले पानी काहून नाई देल्लं?"

किसनानं कासरा हातात गुंडाळला. "एकाचंच होतं हिरीत."

"मंग तुह्या झाडाईले द्याचं होतं नं! मी काय इथं पाह्याले होतो?"

"नोहता," किसना म्हणाला. "म्हनूनच."

पुंजाजीनं त्याला एक शिवी दिली. ती इथे लिहिता येणार नाही. मग दुसरी दिली, आणि तिसरी देता देता रडायला लागला. किसनाही धावेवर खाली बसला. लिंबाखाली मिरच्या निवडणाऱ्या दोघी उठून उभ्या राहिल्या, पण जवळ कुणी आली नाही.

मला गप्प राहता आलं असतं. मी म्हणालो, "किसनाजी, चूक माझी आहे. आषाढात जायचं होतं. विहीर भरलेली असती. मी महिना विचारला नाही."

किसनानं माझ्याकडे बघितलं. अकरा वर्षांचा राग ज्याच्यावर काढायचा तो माणूस समोर रडत होता, आणि आता हा दुसरा. मला वाटत होतं त्यानं मलाही शिवी द्यावी.

तेवढ्यात पुंजाजीनं डोळे पुसले, खोरं उचललं आणि आपल्या वाफ्याकडे जाणारं पाणी मातीनं बांधून टाकलं. पाट किसनाच्या बाजूला फोडला.

"हाक," तो म्हणाला.

"वाळल्या झाडाईले?"

"खुंट जिता असन तं डोळा भरता येते. डोळे माह्या झाडाचे घे. हाक तू."

कलमाचा वरचा भाग गेला तरी खालचा जंबेरी लिंबाचा खुंट कधी कधी तग धरतो आणि त्यावर नवा डोळा, म्हणजे कोंब, बसवता येतो, हे खरं आहे. इतकं वाळल्यावर शंभरात किती जगतात, तेही मला माहीत होतं, शिकलोच आहे मी ते. किसना उठला, बैल मागे सारले, मोट विहिरीत गेली. पाणी गढूळ, थोडंसं, पाटातून सरपटत आलं आणि पहिल्याच वाफ्याच्या तोंडाशी अडलं.

"सायेब," किसना धावेवरून ओरडला, "उभे काहून? फोडा नं तो वाफा!"

मी ट्रंक खाली ठेवली, बूट काढले आणि चिखलात उतरलो.